खाली एक कुणी दिला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका पालकांनी तक्रार केली होती. दोन ओळींत होणारी वजाबाकी हल्ली शाळा पानभर करायला लावते; रेघा काय, उड्या काय, चौकटी काय, आणि एवढे करून मुलांना साधे हिशेब येत नाहीत, असा त्यांचा सूर होता. सहा महिन्यांपूर्वी हे पत्र मीच लिहिले असते, कदाचित याहून तिखट. म्हणूनच त्यांना उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे वाटते.

माझे वय ७१. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात ३४ वर्षे टाइमकीपर होतो. कोण कधी आत आला, कधी बाहेर पडला, तास किती भरले, ओव्हरटाइम किती झाला, हेच काम. आकड्यांची भीती कधी वाटली नाही आणि त्यानेच घात केला. मुलगा आणि सून नोकरीला जातात, नात तिसरीत आहे, तेव्हा गणिताचा अभ्यास आपसूक माझ्याकडे आला. मीही हौसेने घेतला.

एका संध्याकाळी तिच्या वहीत ५०२ वजा १७८ असे गणित होते. तिने आडवी रेघ ओढली, एका टोकाला १७८ लिहिले आणि पुढे १८०, २००, ५००, ५०२ असे थांबे घेतले. थांब्यांवरून कमानी काढल्या, कमानींवर २, २०, ३०० आणि २ लिहिले, त्यांची बेरीज केली : ३२४. उत्तर बरोबर होते. तरीही मी ते खोडले. "ही कसली वजाबाकी? तू तर बेरीज करतेयस," असे म्हणून मी तिला उभी मांडणी करून दाखवली. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून वर दहा दिले, बारा झाले. बारातून आठ गेले, राहिले चार. वर दहा दिले म्हणून खाली एक दिला, साताचे आठ झाले.

"खाली एक कुणी दिला?" तिने विचारले.

"कुणी म्हणजे? द्यायचा असतो."

"का पण?"

"वर दहा दिले ना, म्हणून."

"मग खालीपण दहाच द्यायला पाहिजेत ना, आबा?"

मी म्हणालो, ही रीत आहे, मुकाट्याने शीक. हे वाक्य आता आठवले की कानकोंडे व्हायला होते.

तिसऱ्या दिवशी शाळेत चाचणी झाली. तिथे तिने शाळेची रीत वापरली, माझी वापरली की दोन्हींची खिचडी केली, ते तिलाही धड सांगता येईना. ४०३ वजा १५६ चे उत्तर तिने ३५३ लिहिले होते. मी निरखून पाहिले तेव्हा लक्षात आले की प्रत्येक घरात तिने मोठ्यातून लहान वजा केले होते. सहातून तीन, पाचातून शून्य, चारातून एक. अंक वर आहे की खाली याचा विचारच नाही. गोंधळलेले मूल हमखास इथे येऊन पडते, हे मला नंतर कळले. वहीत बाईंचा शेरा होता : "घरी वेगळ्या पद्धतीने शिकवू नये." मला राग आला, आणि त्यात माझी पुरती चूक होती असे मी आजही म्हणणार नाही. शाळेची पद्धत कोणती, हे एका शब्दाने आम्हांला कुणी सांगितले नव्हते. नुसते 'वेगळ्या पद्धतीने नको' म्हटल्यावर पालकाने करायचे काय?

तावातावाने शाळेत गेलो. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी ३४ वर्षे हिशेब केले आहेत, मला वजाबाकी शिकवू नका, असे सुनावले. त्यांनी शांतपणे विचारले, "माणूस दहा सत्तेचाळीसला आत आला आणि एक वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडला, तर तुम्ही वेळ कशी काढायचा?" मी म्हणालो, त्यात काय, सत्तेचाळीसमध्ये तेरा घातले की अकरा, अकरापासून एक म्हणजे दोन तास, वरचे पाच, दोन तास अठरा मिनिटे.

"तुमची नात हेच करते," त्या म्हणाल्या.

संपादक महाशय, ३४ वर्षांत मी वेळेची वजाबाकी एकदाही उभी मांडून केली नव्हती. डोक्यात रोज शेकडो उड्या मारल्या, आणि नातीने त्याच उड्या कागदावर मारल्या तर त्या खोडून टाकल्या. वजाबाकीला दोन अंगे असतात : एखाद्या गोष्टीतून काही काढून घेणे आणि दोन गोष्टींमधले अंतर मोजणे. अंतर मोजायचे तर लहान संख्येपासून मोठीपर्यंत चालत जाणे ही सरळ वाट आहे. १००३ मधून ९९७ वजा करताना जो माणूस वर दहा, खाली एक करत बसेल, त्याला हुशार म्हणावे का?

मग बाईंनी माझ्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे ठेवले, दहादहा काड्यांचे, रबर लावलेले, आणि दोन काड्या सुट्या. "यातून सतरा द्या." एक गठ्ठा दिला. सात सुट्या कुठून द्यायच्या? एका गठ्ठ्याचे रबर काढावे लागले. याला त्या 'दशक सुटा करणे' म्हणतात. दिलेला गठ्ठा धरून चार गठ्ठे आणि बारा सुट्या, तरी बावन्नच. मुलांनी हे हातांनी केले, मग त्याचे चित्र काढले, की मगच उभी मांडणी येते. वर खोडून लिहिलेला ४ आणि शेजारचा १२ म्हणजे काय, हे तेव्हा त्यांना ठाऊक असते. हा क्रम आमच्या बाईंच्या मनातून आलेला नाही. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह, ही मांडणी जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात केली. आम्ही पालक थेट चिन्हापाशी उडी मारतो, कारण आम्हांला तेवढेच आठवते.

माझ्या रीतीचे काय, असे मी विचारले. तीही बरोबर आहे, पण ती वेगळ्या तत्त्वावर चालते. दोन्ही संख्यांत सारखेच मिळवले तर त्यांच्यातला फरक बदलत नाही. मी ७१, नात ८, फरक ६३. आणखी दहा वर्षांनी मी (असलो तर) ८१, ती १८, फरक ६३ च. वरच्या संख्येला दहा दिले ते सुट्यांच्या घरात, सुटे दहा म्हणून. खालच्या संख्येलाही दहाच दिले, पण दशकाच्या घरात, एक गठ्ठा म्हणून. तो 'एक' दिसायला एक, मोलाने दहा. म्हणजे नातीने विचारले होते ते तंतोतंत खरे होते. खालीही दहाच दिले होते. जे मला ६० वर्षांत सुचले नाही ते तिने दोन मिनिटांत पकडले, आणि मी तिला गप्प केले.

घरी येऊन पत्नीला सांगितले तर ती म्हणाली, मी तर पहिल्यापासून शेजारच्याकडून घेते आणि वरचा आकडा खोडते, खाली एक कधी देतच नाही. ४६ वर्षे एका घरात दोन वजाबाक्या नांदत होत्या आणि कुणाला पत्ता नाही!

बोटांवर मोजण्याबद्दलही मी नातीला फार बोललो होतो. तीन अधिक आठ करताना मूल आधी सगळेच एकापासून मोजते. पुढे तीन मनात धरून आठ बोटे मोजते. मग एक दिवस त्याचे त्यालाच कळते की आठ मनात धरले तर तीनच बोटे लागतात : नऊ, दहा, अकरा. ही तिसरी पायरी म्हणजे शोध आहे, आणि आधी बोटांवर मोजल्यावाचून तो सहसा लागत नाही. बोटांना बंदी केली की मुले मोजायची थांबत नाहीत, टेबलाखाली मोजतात. आमचीही तेच करायची.

आता आपल्या भाषेविषयी. ५९ लिही म्हटले की पुष्कळ मुले ६९ लिहितात. आपण म्हणतो, लक्ष नाही. अहो, लक्ष आहे म्हणूनच लिहितात. 'एकोणसाठ' या शब्दात साठ ऐकू येते. सत्तावीसमध्ये सात आधी, वीस नंतर. ऐकले तसे लिहिले तर ७२ होतात. (जर्मन मुलांनाही हाच त्रास, त्यांच्यातही एकक आधी बोलतात.) एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत एकाच चालीने नेऊन ९९ ला मात्र आपण 'एकोणशंभर' न म्हणता 'नव्व्याण्णव' म्हणतो, ते वेगळेच. मात्र ज्या शब्दाने अडवले तोच शब्द पुढे उपयोगी पडतो. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. मागच्या आठवड्यात ५९ अधिक ३४ नातीने तोंडी केले. विचारले, कसे केलेस? म्हणाली, "एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी. साठ आणि चौतीस चौऱ्याण्णव, एक काढला, त्र्याण्णव." मी हातचा घेऊन तिथवर पोचेपर्यंत ती उठून गेली होती.

गुणाकाराच्या चौकटीवर त्या पालकांचा विशेष राग दिसला. २४ गुणिले ३६ करताना २४ चे २० आणि ४, ३६ चे ३० आणि ६ करायचे, चौकटीची चार घरे भरायची : ६००, १२०, १२० आणि २४. बेरीज ८६४. आपण २४ ला ६ ने गुणून १४४ लिहितो, दुसऱ्या ओळीत एक फुली मारतो आणि ७२ लिहितो. ती फुली कशासाठी, हे स्वतःलाच विचारून पाहा. मला तरी सांगता येत नव्हते. ते ७२ नसून ७२० आहेत, ३० गुणिले २४, आणि चौकटीत तेच उघडे दिसते. पुढे चौकट सुटते आणि उभी मांडणी येते. ती यायलाच हवी, कारण मोठ्या आकड्यांना चौकट पुरत नाही.

आणि 'आमच्या वेळी एकच पद्धत होती' म्हणणाऱ्यांसाठी : ग्रंथालयातून 'लीलावती' या जुन्या गणितग्रंथाचे मराठी भाषांतर आणून पाहिले. भास्कराचार्यांनी ११५० साली १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण घेऊन त्याच्या कितीतरी रीती दिल्या आहेत. बाराने एकदम गुणा. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करून गुणा आणि बेरीज करा. तिनाने गुणून मग चाराने गुणा. दशक-एकक वेगळे करून गुणा. नाहीतर विसाने गुणून आठपट वजा करा. उत्तर प्रत्येक वेळी १६२०. आमच्या वेळी म्हणजे नेमके कोणत्या वेळी?

एका बाबतीत मात्र मी बाईंशीही वाद घातला आणि अजून घालतो. पाढे पाठ हवेतच. सात आठे छप्पन्न जिभेवर नसेल तर चौकटीची घरे भरता भरता मूल दमून जाते आणि मुख्य गणित बाजूला राहते. समजणे हवे, पाठही हवे.

शाळांना माझी विनंती एवढीच, की वर्षाच्या सुरुवातीला पालकांना (आजी-आजोबांनाही) तासभर बोलवा आणि भाषण न देता मुलांच्या बाकांवर बसवून यंदाच्या रीतीने चार गणिते करायला लावा. आमच्या बाईंनी माझ्यासाठी तो तास काढला नसता तर मी अजून खोडतच बसलो असतो. आणि ते पत्र लिहिणाऱ्या पालकांना सांगणे असे : खोडण्याआधी "कसं केलंस?" एवढे विचारा, उत्तर बरोबर असले तरीही. आपली रीत जरूर दाखवा, पण मुलाची त्याच्या हाती बसल्यावर.

भागाकारावर माझे आणि नातीचे अजून एकमत नाही. १५६ भागिले १२ करताना ती बाराचे दहा गट एकदम काढून टाकते, १२० गेले, ३६ उरले, आणखी तीन गट, म्हणजे १३. मी अंक एकेक करून खाली उतरवतो. वेळेच्या शर्यतीत सध्या मी जिंकतो. पण 'खाली उतरवला म्हणजे कुठून उतरवला?' असे तिने परवा विचारले आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला मला थोडा अवधी हवा आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टाइमकीपर