गाडी तापलेली असतानाच तपासा

महोदय,

गोव्याकडून चोर्ला घाट चढून आलेली गाडी कणकुंबीत चहाला थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांनी चालूच होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मात्र काही झालेच नाही अशी पहिल्या चावीला चालू होते. निपाणीहून तवंदी घाट चढून आल्यावर किंवा सौंदत्तीच्या डोंगरावर वाहनांच्या रांगेत गाडी बंद केल्यावर, एप्रिल-मेमध्ये हाच प्रकार. पुढचा क्रमही ठरलेला असतो. आधी बॅटरी बदलायची, मग प्लग, मग पेट्रोल पंप, आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा अडते. कारण टो करून गॅरेजला येईपर्यंत गाडी थंड होते, आणि थंड गाडीत हा दोष दिसतच नाही. म्हणून वाहनधारकांनी जागेवरच काय पाहावे, ते लिहीत आहोत.

इंजिन बंद केले की पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो, आणि हेडमधली उष्णता बॉनेटखाली साठत जाते. बंद केल्यानंतरची पहिली दहा-वीस मिनिटे बॉनेटखालचे भाग गाडी चालताना तापतात त्याहून जास्त तापतात. त्यामुळे चालताना तक्रार नसते, थांबून पुन्हा चावी फिरवली की ती निघते.

पहिला प्रश्न एकच : सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, फिरतो का? नुसता ‘टक’ आवाज आला किंवा सेल्फ रडत रडत फिरला, तर पेट्रोलच्या वाटेला जाऊच नका. मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारत असताना बॅटरीचे टोक ते सेल्फचा जाड बोल्ट यांत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. बॅटरीचा मायनस ते इंजिन ब्लॉक यांत ०.२ पेक्षा जास्त नको. आपल्याकडे अर्थिंगची (मायनस इंजिनला जोडणारी) पट्टी गंजलेली आढळणे रोजचेच, आणि ती बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त. दोन्ही आकडे बरोबर, बॅटरी सेल्फ मारताना दहा व्होल्टच्या वर टिकते, सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विजेच्या स्विचच्या) बारीक वायरवरही पुरेसे व्होल्ट येतात आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर सेल्फ उतरवायचा. झिजलेले बुश आणि ब्रश गरम झाल्यावरच दगा देतात.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना तो थोडा हलतो. एरवी हलणारा काटा अशा वेळी शून्यावर चिकटून राहिला, तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरते आहे हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. त्याच्या आतल्या केसाएवढ्या तारेला चीर असते. तापल्यावर ती उघडते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी ०३३५ कोड येतो, पण नेहमीच येतो असे नाही. दोन तारांचा सेन्सर असेल तर काढून त्याला मल्टिमीटर लावा आणि केस वाळवण्याच्या ड्रायरने तापवा. रेझिस्टन्स हळूहळू थोडा वाढणारच, तांब्याचा तो स्वभाव आहे. तो एकदम उडाला किंवा नाचू लागला, तर सेन्सर गेला. तीन तारांच्या सेन्सरला ही चाचणी लागू नाही. तिथे सिग्नलच पाहावा लागतो.

काटा हलतो आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो, तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झाले आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पॅडल पूर्ण दाबलेले असताना सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. काळा धूर सोडून गाडी चालू झाली, तर गळका इंजेक्टर किंवा टेम्परेचर सेन्सर तपासा. हा सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असे खोटे सांगतो, म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल ओततो. सकाळी सगळे थंड असल्याने ते खोटे खपून जाते. गरम इंजिनवर स्कॅनरने ८५-९५ अंश दाखवायला हवे. उणे ४० दाखवले तर सेन्सरची वायर तुटलेली आहे.

वासही नाही, तर चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. साधारण दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. आलीच नाही तर रिले आणि फ्यूज आधी, पंप नंतर. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी पटकन चालू होत असेल, तर बंद केल्यावर लाइनमधले प्रेशर उतरते आहे. बऱ्याच गाड्यांत ते ३ ते ४ बार असते आणि बंद केल्यावर लगेच पडता कामा नये. राज्याच्या हद्दीपलीकडे पेट्रोल स्वस्त मिळेल म्हणून रिझर्व्हवर घाट चढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल उकळून लाइनमध्ये वाफ धरते. तिथे इंजिनवरच्या पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबणे, हा जुना उपाय अजून खरा आहे.

डिझेलची गोष्ट वेगळी. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) जास्त पळते, त्यामुळे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) इंजिन पकडण्याइतके, साधारण २०० बार, प्रेशर तयारच होत नाही. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावून गरम इंजिनवर सेल्फ मारा. एक बाटली बाकीच्यांहून भराभर भरली, तर दोषी तोच इंजेक्टर. ही चाचणी केल्याशिवाय हाय प्रेशर पंप बदलायला होकार देऊ नये; खर्चात फार मोठा फरक पडतो.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. रेडिएटरचे झाकण उघडू नका. इंजिन बंद ठेवून घाट उतरणे तर नकोच. पॉवर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. गॅरेजच्या कार्डावर ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच न लिहिता सेल्फ फिरत होता का, काटा हलत होता का, वास होता का, पंप वाजत होता का आणि किती मिनिटांनी गाडी चालू झाली, हे लिहून द्या. आणि गाडी घाटात फिरवून, तापलेली असतानाच तपासा, असे मेकॅनिकला सांगा.

– उद्यमबाग परिसरातील काही गॅरेजवाले, बेळगाव