भिंतीतली अधांतरी शेकोटी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी मुलांना घेऊन वेल्समधला कॉन्वीचा किल्ला पाहून आलो. फोनवर दोघं मध्येमध्ये ओरडत होती, म्हणून नुसतं "छान झालं" म्हणून ठेवला. पण बाबा, तुम्हाला नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२८३ मध्ये तो बांधायला घेतला आणि चार-पाच वर्षांत उभाही केला. आठ दांडगे बुरूज, पायथ्याशी नदी, आणि गावाभोवतीचा तट अजून जवळजवळ पूर्ण शाबूत. मी आधी काहीच सांगितलं नाही. तुम्ही मला कधी आधी सांगायचा नाहीत, "बघ, इथे काय असेल?" एवढंच विचारून गप्प उभे राहायचात. तसंच केलं.

एका बुरुजात मजलेच उरलेले नाहीत, लाकूड केव्हाच गेलं. आत उभं राहून वर पाहिलं की थेट आकाश, आणि भिंतीत खूप उंचावर एक शेकोटी, अधांतरी. धाकटा म्हणाला, "तिथे बसायचे कसे?" मी गप्प. बराच वेळ मान वर करून पाहिल्यावर त्यालाच भिंतीतली तुळयांची भोकं दिसली. "आई, इथे जमीन होती!" त्याचा तो चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मग प्रत्येक बुरुजात तो हरवलेल्या जमिनी शोधत फिरला. जंगी कशाला म्हणतात तेही आता त्याला पक्कं ठाऊक आहे: बाहेरून बोटभर फट, आतून तिरंदाज उभा राहील एवढी जागा. तो स्वतः तिथे उभा राहिला, पुरून उरली.

उतरताना मात्र गोल जिन्यात तो घाबरला. पायऱ्या आतल्या बाजूला अगदी निमुळत्या आहेत आणि मी त्याच्या मागे होते. तिथेच बसलो, मग मी पुढे झाले आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरला. पुढच्या वेळी उतरताना पहिल्यापासून मीच पुढे.

मोठीचा प्रश्न वेगळा. तटावरून चालताना म्हणाली, "इथे आधी कोण राहायचं?" खरं तेच सांगितलं. इथे एक मठ होता, वेल्सच्या लोकांचा थोर राजा लुएलिन तिथेच पुरलेला. एडवर्डने तो मठ दरीत वर दुसरीकडे हलवला आणि त्या जागी किल्ला आणि तटाचं गाव उभारलं. तटाच्या आत इंग्रजांना आणून वसवलं, मूळच्या लोकांना बाहेर ठेवलं. ती बराच वेळ बोलली नाही. पुढे १२९४ च्या वेल्श लोकांच्या उठावात, ऐन हिवाळ्यात, एडवर्ड स्वतःच या किल्ल्यात अडकला आणि अन्न संपत आलं, हे ऐकल्यावर म्हणाली, "बरं झालं." मी तिला टोकलं नाही. एवढा देखणा किल्ला पाहताना तिला बाहेर राहिलेली माणसं आठवली, याचं मला फार बरं वाटलं.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी करून ठेवलाय. दोन्ही चौक आणि मोठा दिवाणखाना खालीच आहे, बुरूज चढायची गरज नाही. तू आणि मी चौकात बसू, बाबा मुलांबरोबर वर जातील. उन्हाळ्यात याच.

मोठीने बुरुजाचं चित्र काढलंय, सोबत पाठवते. शेकोटी हवेत काढलीय, ती तिथे तशीच आहे.

तुमची,
लेक