दिव्यांगांच्या दाव्यात वकील कधी हवा?

संपादक महोदय,

'पेन्शन करून देतो, पैसे सुरू झाले की बघू' असे सांगणारा माणूस कोकणातल्या कुठल्याही तहसील कचेरीबाहेर भेटतो. अपघाताच्या दाव्यात हाच सौदा 'मिळतील त्यातले पंचवीस टक्के' असा होतो. यातला पहिला खर्च अनावश्यक आहे आणि दुसरा करार बेकायदा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. फी आधी आकड्यात ठरवावी आणि पावती मागावी. पावतीला कां कूं करणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला वकील लागत नाही. दिव्यांगत्व किमान 40 टक्के, महाराष्ट्रात 15 वर्षे वास्तव्य आणि दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत, या मुख्य अटी. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2500 रुपये आहेत. आपल्याकडे अर्ज अडतो तो बहुधा पत्त्यावर. माणूस आजारपणानंतर गावी परतलेला, आधारवर घाटकोपर, रेशनकार्डावर राजापूर, आणि यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या ओळखपत्रावर) तिसरेच स्पेलिंग. आधी आधारचा पत्ता आणि नाव दुरुस्त करावे, मग सेतूत जावे. उलट केल्यास प्रत्येक कागद दोनदा काढावा लागतो. सुरू झालेले पैसे मध्येच थांबले तर आधी हयातीचा दाखला आणि बँक खात्याचे आधार लिंकिंग तपासावे. त्याला नोटीस कशाला?

वकिलाची गरज नकारानंतर लागते. 'होणार नाही' हे खिडकीवरचे तोंडी उत्तर काही कामाचे नाही, कारणासह लेखी आदेश मागावा. वैद्यकीय मंडळाने 40 पेक्षा कमी टक्के दिले आणि ते मान्य नसतील, तर दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 प्रमाणे अपील आहे. इथेच लोक चुकतात: अपिलाची मुदत चालू असताना नवा अर्ज टाकून वाट बघत बसतात.

आणि हा वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 मध्ये दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या इमारतीतच असते, हेल्पलाइन 15100. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडे वेगळे पैसे मागायचे नसतात. मागितले किंवा तारखांना गैरहजर राहिला, तर वकील बदलून मिळावा म्हणून समितीकडे लेखी अर्ज करता येतो.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघाताचा दावा मात्र खऱ्या अर्थाने वकिलाचे काम. मोटार वाहन कायद्यात दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिने दिले आहेत. ते इस्पितळात आणि प्लॅस्टरात कधी सरतात, कळत नाही. सगळी गोम दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांत असते. डॉक्टर 'डाव्या पायाचे 45 टक्के' लिहितात. ते एका अवयवाचे टक्के, संपूर्ण शरीराचे त्याहून बरेच कमी भरतात. त्याच्याही पुढे कमाई किती बुडाली हा तिसराच हिशेब. पाय आखडलेला कारकून टेबलावर बसून काम करील. नारळावर चढणारा पाडेली त्याच पायाने कामातून पूर्ण उठला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून अर्जदार अपघाताआधी नेमके काय काम करीत होता, याचा पुरावा लागतो: बागायतदाराची साक्ष, मजुरीची वही, खलाशी असेल तर तांडेलाची (नौकेच्या म्होरक्याची) किंवा नौकामालकाची साक्ष. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावणार का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे. उपचार न केलेल्या डॉक्टरचा तयार दाखला उलटतपासणीत टिकत नाही.

वकीलपत्र वाचून सही करावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढायच्या स्लिपवर सही कदापि नको. भरपाई अर्जदाराच्याच खात्यात आली पाहिजे. मूळ कागद वकिलाकडे दिल्यास यादी करून पोच घ्यावी. वाटा मागितल्याची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते.

अपघाताच्या दाव्यातील निकालावर हायकोर्टात अपील 90 दिवसांत. रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून ते मुंबईत नव्हे, हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालते, रायगडकरांना मुंबईच. तेव्हा मुंबईच्या भावोजींनी सुचवलेले हायकोर्टाचे वकील कोल्हापूरला किती तारखांना येणार आणि प्रवासाचे वेगळे किती घेणार, तेही फीच्या आकड्यासोबत लिहून घ्यावे.

— एक विधी स्वयंसेवक, रत्नागिरी जिल्हा