रेताड जमिनीसाठी म्हणून चुकीच्या जातीची ब्लूबेरीची रोपे विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वेंगुर्ले तालुक्यात समुद्राला लागून आमची माडाची बाग आहे. बागेतल्या मोकळ्या पट्ट्यासाठी गेल्या पावसाळ्यानंतर मी आपल्याकडून ब्लूक्रॉप जातीची ५० रोपे घेतली. जागा किनाऱ्यालगतची आहे, हे मागणी नोंदवतानाच सांगितले होते. ‘सखल, रेताड जमिनीसाठी खास. न्यू जर्सीच्या वाळूत शंभर वर्षे यशस्वी’ असे आपल्या माहितीपत्रकात ठळक छापले आहे. आज बहुतेक रोपे मेली आहेत. जी तग धरून आहेत त्यांच्या नव्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग पिवळाफटक आणि कडा करपलेल्या.

फोन केला तर आपला प्रतिनिधी म्हणतो, शेणखत वाढवा. शेणखताने सामू (pH; हा आकडा जितका कमी तितकी जमीन आम्ल) आणि क्षार दोन्ही वाढतात आणि ब्लूबेरीला नेमके तेच सोसत नाही. रोपे विकणाऱ्याला हे माहीत नसावे, याचा मला संताप येतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा दाखला खोटा नाही, पण अर्धवट आहे. तिथल्या शेतकरी एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानटी झुडपांतून निवड करून १९१६ मध्ये तिथे पहिले व्यापारी पीक घेतले, ते पाइनच्या रानातल्या वाळूत. ती वाळू मुळातच आम्ल, कुजलेल्या पाल्याने काळी झालेली, आणि गोडे पाणी फार खोल नाही. या झाडाला सामू ४.५ ते ५.५ लागतो. आमच्या पुळणीत शिंपल्यांचा चुरा आहे. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओतले की फसफसते. माती परीक्षणात सामू ८.१ आला. अशा जमिनीत लोह असले तरी मुळांना ते उचलता येत नाही, म्हणून नवी पाने पिवळी पडतात. गंधक टाकून सामू उतरवायचा म्हटले, तर शिंपल्यांचा एवढा चुना आधी संपायला हवा.

थंडीचे तर आपण नावही काढले नाही. ब्लूक्रॉपला फुलोऱ्यासाठी सात अंशांखालची थंडी साधारण ८०० तास लागते. वेंगुर्ल्यात ऐन पौषातही पारा तिथवर उतरत नाही. म्हणजे रोपे जगली असती तरी फळ धरणार नव्हते. थोड्या थंडीवर येणाऱ्या बिलॉक्सीसारख्या जाती आहेत, त्याही आमच्याकडे लावायच्या तर आम्ल माध्यम भरलेल्या मोठ्या कुंड्यांतच. हे विक्रीआधी सांगणे आपले काम होते.

रोपांची पूर्ण किंमत आणि वाहतूक खर्च १५ दिवसांत परत करावा. माहितीपत्रकातला तो मजकूरही काढावा, कारण काजू-कोकमाच्या जोडीला नवे पीक शोधणारी आमच्या गावातली मुले तेच पत्रक वाचून पैसे गुंतवायला निघाली आहेत. मुदतीत उत्तर न आल्यास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

बिल, माती परीक्षणाचा अहवाल आणि पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग