गाडी नाही म्हणून भंडारदरा रद्द करू नकोस

दादर, मुंबई

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

'आपल्यात गाडी चालवणारं कुणी नाही, तेव्हा तळ्याकाठचं राहू दे, सगळे घरीच बसू' असं तू लिहिलंस, ते आईला वाचून दाखवलं. तिला ते पटलं नाही आणि मला तर मुळीच नाही. पाण्याकाठी चार दिवस राहायचं हे तू छोटीला उन्हाळ्यापासून कबूल केलं आहेस. शब्द मोडू नकोस. भंडारदऱ्याला एसटी जाते. मुंबईतली पोरं शेवटची कसारा लोकल पकडून आणि पहाटे मिळेल त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून वर्षानुवर्षं त्या डोंगरांत जात आली आहेत. तुझ्या जन्माआधी आम्ही मित्रमंडळीही तशीच जायचो. छोटी बरोबर आहे म्हणजे रात्रीचा प्रवास नको, एवढाच काय तो फरक.

आधी तळं भंडारदऱ्याचंच का, ते सांगतो, कारण तू बाकीचीही नावं लिहिली आहेस. माथेरानला मोटारींना बंदीच आहे, नेरळहून १९०७ सालापासूनची छोटी गाडी आहे, म्हणजे गाडी नसणाऱ्याला ते सगळ्यात सोपं. पण तिथलं शार्लोट लेक गावाला पाणी पुरवणारं तळं आहे, आणि राहायची हॉटेलं बहुतेक बाजाराच्या अंगाला. खोलीतून उठून पाण्याशी जाऊन बसावं असं ते नाही. महाबळेश्वरला एसटी हवी तेवढी, पण डिसेंबरात वेण्णा लेकवर बोटीसाठी रांगेत उभं राहण्यात सकाळ जाते. पवनेला तंबू छान असतात असं ऐकतो, पण लोणावळ्याहून किंवा कामशेतहून पुढे सगळी मदार रिक्षावर नाही तर भाड्याच्या गाडीवर, आणि रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर निघायचं कसं? भंडारदऱ्याचं तसं नाही. धरणाला लागून शेंडी हे नांदतं गाव आहे. दुकानं आहेत, खाणावळी आहेत, जीपवाले आहेत, आणि एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान अगदी पाण्याच्या काठी. ज्या तळ्याच्या काठच्या गावात एसटी थांबते आणि खोलीपासून पाणी पायी गाठता येतं, तेच तळं आपल्यासाठी. बाकी सौंदर्य वगैरे नंतर बघू.

आता जायचं कसं. सकाळची नाशिककडे जाणारी आणि इगतपुरीला थांबणारी एक्सप्रेस धरायची. दादरहून आरक्षण करायचं, टू एस म्हणजे बसायची जागा पुरे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, १२० दिवसांचं आता गेलं, हे लक्षात ठेव. तिकीट मिळालं नाही तर कसारा लोकल आहेच. ती अडीच-पावणेतीन तासांत कसाऱ्याला पोचवते, सकाळी उलट दिशेला गर्दीही नसते, आणि स्टेशनबाहेर इगतपुरी-नाशिकच्या शेअर गाड्या उभ्या असतात. तरी जाताना एक्सप्रेसच बघू या, कारण मला छोटीला घाट दाखवायचा आहे. कसाऱ्याला गाडी थांबली की मागे बँकर इंजिनं लागतात. जोडताना सबंध गाडीला एक हिसका बसतो, हातातला चहा सांभाळावा लागतो. मग पुढचं इंजिन ओढतं, मागची रेटतात, आणि गाडी थळ घाट चढते. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. ही लाइन १८६५ साली इगतपुरीपर्यंत खुली झाली. इगतपुरीला मागची इंजिनं सुटतात, तीही फलाटावर उतरून बघता येतील. तिला डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या लागतील, तेव्हा आपल्या जागा समोरासमोरच्या मिळाल्या तर उत्तम.

इगतपुरीहून घोटी जवळच आहे. घोटी ही भाताची पेठ, तिथल्या राइस मिल्स प्रसिद्ध. आईला तिथून तांदूळ घ्यायचे आहेत, मी तिला सांगितलंय की येताना, जाताना नाही. घोटीहून राजूर-अकोल्याकडे (नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) जाणारी एसटी धरायची. बोर्डावर 'भंडारदरा' दिसेलच असं नाही, म्हणून 'शेंडी' विचारायचं, आणि गाडी गावात आत जाते की फाट्यावर सोडते तेही कंडक्टरला चढण्याआधीच विचारायचं. फाट्यावर सोडणार असेल तरी हरकत नाही, जीप मिळते, फक्त अंधार पडायच्या आत. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. आपण दुपारी तीनपर्यंत शेंडीत असायला हवं, तेवढा एक हिशेब मी काटेकोर ठेवणार आहे.

तिकिटाचं म्हणशील तर एसटीत आईला अर्धं, तुला अर्धं, छोटीला अर्धं आणि मी पासष्टीच्या पुढचा, म्हणून मलाही अर्धंच. पूर्ण तिकीट एकट्या जावईबापूंचं. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पासही एसटी देते, पण तो रोज लांबवर फिरणाऱ्याला परवडतो. आपण एका जागी राहणार, आपल्याला तो नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथून एका दिवसात जाऊन यायच्या जागा तू उतरवून काढल्या आहेस, त्यांची यादी मी नीट पाहिली. त्यातल्या निम्म्या जागा एसटीने होणार नाहीत, आणि का होणार नाहीत ते कळलं तर तुझं तुलाच वेळापत्रक बसवता येईल. खेड्यातली एसटी गावकऱ्यांच्या दिवसावर बेतलेली असते. मुक्कामी गाडी रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात. पहाटे तीच गाडी कॉलेजची मुलं, तहसील कचेरीत काम असलेली माणसं, दवाखान्यात निघालेली म्हातारी मंडळी यांना घेऊन तालुक्याला सुटते, आणि संध्याकाळी त्यांना परत आणते. आपला दिवस बरोबर उलटा. आपल्याला सकाळी आडगावात शिरायचंय आणि संध्याकाळी बाहेर पडायचंय. म्हणून रतनवाडी, साम्रद, घाटघर या आतल्या गावांना एसटीच्या भरवशावर जायचं नाही. गाडी असली तरी ती आपल्या वेळेला नसते. पण घोटी-राजूर हा वाहता रस्ता आहे, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या येत-जात असतात. त्या रस्त्यावरची ठिकाणं एसटीने करायची, आतली ठिकाणं बोटीने किंवा ठरवलेल्या जीपने. आणि कुठेही निघताना पहिला प्रश्न परतीच्या शेवटच्या गाडीचा. ती किती वाजता, हे स्टँडवर, कंडक्टरला आणि चहावाल्याला, असं तिघांना विचारायचं. तिघांचं जुळलं की त्याच्या आधीची गाडी आपली समजायची. शेवटची कधीच आपली धरायची नाही.

रस्त्यावरचं म्हणजे एक रंधा धबधबा, राजूरच्या बाजूला. पावसाळ्यात तो प्रवरेचं सगळं पाणी अंगावर घेऊन कोसळतो. डिसेंबरात मात्र धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी, सुटलेलं असेल तरच तिथे बघण्यासारखं काही. तेव्हा आधी शेंडीत विचारायचं, 'आवर्तन चालू आहे का?' हो म्हणाले तर जाऊ. नाही तर तो अर्धा दिवस पाण्याकाठी, नुकसान काहीच नाही. दुसरं म्हणजे बारी, घोटीच्या बाजूला. तिथून कळसूबाईचा रस्ता चढतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. जावईबापूंना जायचं असेल तर त्यांनी पहिल्या गाडीने जावं, पाणी भरपूर न्यावं आणि दुपार कलायच्या आत उतरायला लागावं. कड्यांना लोखंडी शिड्या आहेत, वाट मळलेली आहे. त्यांच्याबरोबर जायची तुझी इच्छा असेल तर खुशाल जा, छोटीला आम्ही बघू. छोटीला मात्र इतक्यात नको, तिचे पाय अजून त्या शिड्यांच्या मापाचे नाहीत.

रतनवाडीला जायचंच. तळ्याच्या पार टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे. शेजारी दगडी पुष्करणी, तिच्या चारी भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरून हात न लावता फक्त नजर फिरवत जा, दगडात इतकी बारीक जाळी कोरणाऱ्यांनी ती किती दिवस धरून केली असेल! प्रवरा याच डोंगरात उगम पावते. उगमापासून इतक्या जवळच तिला अडवून विल्सन धरण बांधलं, ते १९२६ साली पुरं झालं. पाणी भरलेलं असलं की धरणाच्या बाजूने रतनवाडीकडे बोट ठरवता येते आणि ती वाट रस्त्याच्या वाटेपेक्षा कितीतरी सुंदर. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळाल्याशिवाय बोटीत पाऊल टाकायचं नाही, मग बोटवाला काहीही म्हणो. आणि पाण्यात पोहायला कुणीही उतरायचं नाही. काठाला गाळ असतो आणि पुढे एकदम खोल होतं.

जीप एकच दिवस करायची. त्या एका दिवसात घाटघर आणि साम्रद. घाटघरला कोकणकड्यावरून खाली शहापूरचं रान दिसतं. तिथला वीजप्रकल्प जावईबापूंना आवडेल: वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून गरजेच्या वेळी वीज करतात आणि मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. २५० मेगावॅटचा आहे. साम्रदला सांदण दरीत आत शिरायचं नाही, तोंडाशी उभं राहून बघायचं. भाडं, जागा आणि परतायची वेळ, हे तिन्ही आदल्या संध्याकाळी जीपवाल्याशी तोंडावर बोलून ठरवायचं. पैसे रोख ठेव, तिथे मोबाइलला रेंज येते-जाते आणि फोनवरून पैसे जातीलच याची खात्री नसते.

छोटीला एक नाव सांगून ठेव. हा सगळा मुलूख अकोले तालुक्यातल्या महादेव कोळ्यांचा. राघोजी भांगरे इथलेच. इंग्रजांशी आणि सावकारांशी लढले, आणि १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. येताना लोकल ठाण्यावरून जाईल तेव्हा मी तिला त्यांच्याबद्दल सांगणार आहे.

तू म्हणतेस पूर्ण दिवसाची गाडी ड्रायव्हरसकट का घेऊ नये, पैसे आपण वाटून घेऊ. पैशाचं मी बोलतच नाही. गाडी दारात उभी असली की ती वाया जाते आहे असं वाटायला लागतं, ड्रायव्हर ताटकळतोय म्हणून आपण जेवण उरकतो, आणि एका दिवसात सहा पॉइंट करून रात्री खोलीत येऊन पडतो. तळं राहतं बाजूलाच. मला छोटीबरोबर सकाळी पाण्यावरचं धुकं सरेपर्यंत काठावर बसायचं आहे, तिला बगळे मोजू द्यायचे आहेत, दुपारी खाणावळीत नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा खायचा आहे, ठेचा अर्थात तिला नाही. असा एक अख्खा दिवस कुठेही न जाता हवा. चारांतला एक. तो दिवस मी आत्ताच राखून ठेवला आहे, त्याच्यावर दुसरं काही लिहू नकोस.

दिवस निवडताना सोमवार ते शुक्रवार बघ. शनिवार-रविवारी आणि वर्षअखेरीला तिथे मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते, खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भावाने. नाताळच्या आधीचा आठवडा जमला तर सगळ्यात चांगला. थंडी पडलेली असेल, स्वेटर आणि कानटोपी प्रत्येकी एक. सामान माणशी एकच, खांद्याला अडकवता येईल असं. चाकांची बॅग एसटीच्या पायऱ्यांवर आणि शेंडीच्या कच्च्या वाटेवर उपयोगाची नाही. आईच्या गुडघ्यांची काळजी करू नकोस, ती म्हणते एसटीच्या पुढच्या सीटवर बसले की मला काही होत नाही. पुढची सीट मी धरीन.

तुझ्या रजेच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव. रेल्वेचं आरक्षण उघडेल त्या सकाळी मी करून टाकतो, आणि एमटीडीसीच्या खोल्या त्याच दिवशी. जावईबापूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. छोटीच्या वयाचा दाखला किंवा आधार कार्ड बरोबर आण. ती वयाच्या मानाने उंच दिसते, अर्ध्या तिकिटाला कंडक्टर विचारतात. आणि तिला गाडी लागते का, ते लिही. घोटीनंतर वळणं आहेत, आई आलेपाकाच्या वड्या करून ठेवेल.