वस्ताद, हौदा मीच खणणार

वस्ताद,

समोर बसून हे बोलायला लागलो तर तुम्ही "बस्स झालं" म्हणून उठून जाल. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

मागच्या वर्षी मी एमएमएची, म्हणजे पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या खेळाची, लढत तिसऱ्या राउंडला हरलो. पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, मधे एकेक मिनिट विश्रांती. पहिले दोन माझेच होते. शेवटी पाठ केजला, पिंजऱ्याच्या जाळीला लागली, समोरच्यानं कमरेला मिठी घातली आणि ती काही केल्या सुटेना. सगळे म्हणाले, दम कमी पडला, पळणं वाढव. तुम्ही मोबाईलवर तो व्हिडिओ दोनदा बघितलात आणि म्हणालात, "दम न्हाई गेला लेका, कंबर गेली. सकाळी घागर सांडतोस आणि सांजच्याला रिकाम्या घागरीनं लढतोस."

खरंच होतं ते. आठवड्याचे सहा दिवस मी जिममध्ये हात थरथरेपर्यंत सेट मारायचो आणि त्याच संध्याकाळी स्पॅरिंगला, सरावाच्या लढतीला उभा राहायचो. तुम्ही सहाचे दोन दिवस केलेत. डेडलिफ्ट आणि स्क्वॉट, भारी वजनानं, पाच सेट, तीन-तीनच रेप्स, मधे तीन-चार मिनिटं निवांत बसायचं. सुरुवातीला त्या बसण्याची मला लाज वाटायची. पण ताकद वाढली आणि अंगावर वजन चढलं नाही. ६५.८ किलोच्या गटात लढणाऱ्यालाच कळेल हे सुख. लढतीआधी दहा दिवस तर तुम्ही मला भारी वजनाजवळ फिरकूही दिलं नाही.

आणि हौदा, तालमीतला कुस्तीचा मातीचा आखाडा! फीचं विचारलं तर तुम्ही हातात फावडं दिलंत. पहाटेची गार, ताक-तेल मुरलेली लाल माती काय जड असते! चार फावड्यांत माझे दंड भरून आले. "हातानं न्हाई, कमरेतनं ओढ." टाच रोवली, कुल्ला मागं नेला, आणि फावडं आपोआप आलं.

तालमीत काहीजण म्हणाले, पिंजऱ्यातल्या मारामारीला इथं काय काम? तुम्ही एवढंच बोललात, "खाशाबा मातीतनंच गादीवर गेले, तवा १९५२ ला हेलसिंकीतनं पदक आलं." पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा तिसरा राउंड, पुन्हा पाठ केजला, पुन्हा तीच मिठी. टाच रोवली, कुल्ला मागं नेला. त्याची बोटं एकेक करून सुटताना मला कळत होती.

रविवारी पहाटे येतोय, वस्ताद. तोवर हौद्याला कुणाला हात लावू देऊ नका.