अमेरिकेतलं बिल छापता, पण विमा कुणाच्या हातात आहे तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या बिलांवर आपल्या पेपरांत अधूनमधून काहीतरी येतं आणि सूर ठरलेला असतो, तिकडे सगळं खाजगी म्हणून लूट. मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतोय. लूट आहे, त्यावर वाद नाही, पण सगळं खाजगी हे काही खरं नाही. 65 च्या पुढे मेडिकेअर, गरिबांना मेडिकेड, दोन्ही 1965 साली लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या सरकारी योजना, आणि माजी सैनिकांसाठी तर सरकारची स्वतःची हॉस्पिटलं आहेत, डॉक्टरसुद्धा सरकारी पगारावर! मेडिकेडचं मात्र राज्याराज्यात वेगळं आहे, 2010 च्या ओबामाकेअर या आरोग्य विम्याच्या कायद्याने ते आणखी लोकांपर्यंत वाढवायची सोय केली पण टेक्सास, फ्लोरिडा यांनी ते केलंच नाही.

खरी गोम आहे ती नोकरदार माणसाची. त्याचा आणि त्याच्या बायकापोरांचा विमा त्याच्या कंपनीच्या हातात असतो. हे कुणी विचार करून ठरवलेलं नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात महागाई आवरायला 1942 साली सरकारने पगारवाढीवर लगाम घातला, कामगार तर हवेत, पगार वाढवता येत नाही, मग कंपन्या आरोग्य विमा देऊन माणसं ओढायला लागल्या कारण विमा पगारात धरत नव्हते. पुढे 1954 च्या टॅक्स कायद्याने कंपनीने भरलेल्या हप्त्यावर टॅक्स नाही हे पक्कं केलं आणि युद्धातली तात्पुरती पळवाट कायमची होऊन बसली. आज 15 कोटींवर लोक अशा कंपनीच्या विम्यावर आहेत. 2024 साली कुटुंबाचा वर्षाचा सरासरी हप्ता 25 हजार डॉलरच्या वर होता, त्यातला बराचसा कंपनी भरते म्हणून माणसाला तो जाणवतच नाही.

जाणवतो नोकरी गेली की. कोब्रा नावाची सोय आहे, साधारण 18 महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण आता कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा आणि वर 2 टक्के. म्हणजे पगार बंद झाला त्याच महिन्यात हप्ता तिप्पट चौपट. एप्रिल 2020 मध्ये एका महिन्यात 2 कोटींवर नोकऱ्या गेल्या, तेही साथ चालू असताना, विचार करा. ओबामाकेअरमुळे आता निदान आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही आणि पोरं 26 पर्यंत आईबापाच्या विम्यावर राहू शकतात, त्याआधी तर घरात कुणाला मोठा आजार असेल तर लोक नावडती नोकरीही सोडायला घाबरायचे.

आणि विमा आहे म्हणजे सुटलो असंही नाही. आधी डिडक्टिबल, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम, संपेपर्यंत स्वतः भरा, मग कोइन्शुरन्स, म्हणजे पुढच्या बिलातला काही टक्के वाटा, आणि डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांत, नसेल तर हिशोबच वेगळा. एकाच एमआरआयचा दर प्रत्येक विमा कंपनीशी वेगवेगळा ठरलेला असतो त्यामुळे काउंटरवरच्या बाईला विचारलं तर तिलाही सांगता येत नाही. मग घरी विमा कंपनीचं पत्र येतं, आकडे भरपूर आणि वर ठळक लिहिलेलं, हे बिल नाही. बिल नंतर येतं. 2022 पासून इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचं अचानक मोठं बिल लावायला कायद्याने बंदी आहे, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यात घेतली नाही, का ते देव जाणे.

आईवडील सहा महिने राहायला येतात त्यांना मेडिकेअर वगैरे काही लागू नाही, वय 70 असलं तरी. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा काढायचा आणि आधीपासूनचं बीपी, शुगर त्यात धरतात का ते बारीक अक्षरात नीट वाचायचं.

तेव्हा पुढच्या वेळी लाखो डॉलरच्या बिलाचा फोटो छापाल तर त्या माणसाकडे विमा होता का, असला तर कंपनीचा की सरकारी, आणि विमा कंपनीने कापाकापी केल्यावर त्याला शेवटी खिशातून किती भरावे लागले हेही छापा. पहिला आकडा बहुतेक वेळा कुणीच भरत नाही.

आपला एक वाचक,
न्यू जर्सी